शिंप्याच्या राजाची पदयात्रा

राजाने स्वतः पायी चालत जाऊन साम्राज्य जिंकल्याचे प्रसंग जगाच्या पाठीवर थोडेच. त्यातला एक वाचनालयाच्या तळघरात, पंखा बंद असताना घडला. साम्राज्य म्हणजे बुद्धिबळ स्पर्धेचा पितळी चषक. वर्षानुवर्षं तो शिंप्याच्या साडूंच्या दिवाणखान्यात होता आणि त्यात दातकोरणी ठेवलेली असत.

या वर्षी तो आणायचाच, असं शिंप्याने बायकोला छातीठोकपणे सांगितलं होतं. शिलाई यंत्राच्या वरची फळी रिकामीसुद्धा करून ठेवली होती. इटालियन ओपनिंग ही डावाची सुरुवात त्याने इतकी घोटली होती, की गिऱ्हाइकाच्या खांद्याचं माप घेतानाही तोंडून "आता घोडा बाहेर" निघायचं.

शेवटच्या फेरीत समोर साक्षात साडू, नव्या तंग पँटीत अवघडून बसलेले. शिंप्याने राजापुढचं प्यादं दोन घरं सरकवलं. साडूंनीही तेच केलं. आता घोडा! पण शिंप्याची नजर राजावर गेली. राजा घरात जरा तिरका उभा होता. जन्मभर लोकांच्या कॉलरी सरळ केलेल्या हाताला हे कसं बघवावं? त्याने राजाला चिमटीत धरून नीट केलं.

"पंच!" साडू कडाडले. "न सांगता हात लावला! आता राजाच हलवायचा."

"अहो साडू, सरळ करत होतो फक्त."

"ते दुकानात करा!"

पंचांनी नाइलाजाने मान डोलावली. राजा एक घर पुढे आला आणि स्वतःच्याच वजिराची नि उंटाची वाट अडवून उभा राहिला. मागे कुणीतरी फिसकन हसलं. शिंप्याच्या डोळ्यांपुढे ती रिकामी फळी आली.

"निघालाच आहे घराबाहेर, तर जाऊ दे," तो पुटपुटला.

साडूंनी वजीर सोडला, घोडे उधळले, उंटाचा बळी दिला. राजा शह चुकवत पुढेच. पटाच्या मधोमध, शत्रूच्या गराड्यात तो असा उभा, जणू भाजी घ्यायला निघालाय. बाकीचे खेळाडू आपले डाव सोडून भोवती जमले. पंच तोंडातली गोळी चघळायची विसरले. चाली आपण करतोय की राजाच आपल्याला नेतोय, हे शिंप्यालाही कळेना.

शेवटी पांढऱ्या राजाने काळ्याची पळवाट अडवली आणि कोपऱ्यातला हत्ती सुसाट आला. मात.

कुणी टाळीसुद्धा वाजवेना. "असलं मी उभ्या जन्मात पाहिलं नाही," पंच कुजबुजले.

साडू हळूच उठले, दोन्ही हातांनी चषक पुढे केला आणि शिंप्याच्या कानाशी वाकले.

"साडूभाऊ, तेवढी ही पँट कमरेत सैल करून द्याल का?"