पक्कं गाणं

युरोपच्या गाण्यांच्या स्पर्धेला एस्टोनियातून कोण जाणार हे ठरवणारी फेरी राजधानी तालिनच्या टीव्हीवाल्यांनी घडवून आणायची आणि उरलेल्या देशाने वर्षभर नावं ठेवायची, अशी आमच्याकडे कामाची वाटणी आहे. आम्ही सेतो लोक आग्नेय टोकाला, रशियाच्या कुंपणाला टेकून राहतो. त्यामुळे आम्ही ठेवलेली नावंसुद्धा तालिनपर्यंत पोचत नसत. यंदा मात्र देशाच्या अंतिम फेरीत आमचं गाणं होतं आणि ते सेतो भाषेत होतं.

गाणं लीसूचं. ती तार्तूला संगीत शिकून आली, लॅपटॉपवर ढोलासारखं काहीतरी वाजवू लागली आणि त्या ठेक्यावर तिने आपल्या आजीची गाणारी मंडळी उभी केली. आजी म्हणजे ओदे काकू. आमच्या गाण्यात पुढची बाई एक ओळ टाकते, मागच्या बायका ती उचलून परत म्हणतात आणि एकजण सगळ्यांच्या वरून चिरत जाणारा सूर लावते. मी लहान होतो तेव्हापासून पुढची बाई ओदे काकूच. मी गावच्या सांस्कृतिक भवनाचा व्यवस्थापक. बस ठरवणं आणि सह्या करणं एवढाच माझा संगीताशी संबंध.

तालिनच्या स्टुडिओत तालमीला ध्वनिवाला आधी काकूंच्या छातीवरच्या चांदीच्या पदकावर घसरला. आमच्या पोशाखातलं हे पदक ताटलीएवढं असतं, साखळ्यांसकट.

"हे काढता येईल का? माइकमध्ये भांडी घासल्यासारखं येतंय."

"तू पँट काढ, मग मी हे काढते," काकू म्हणाल्या. पदक राहिलं.

गाणं सुरू झालं. थोड्याच वेळात निर्मात्याने हात वर केला. तार्मो नाव त्याचं, कोट उंची, माणूस काडीसारखा.

"माझं नाव कसं आलं गाण्यात?"

"समोर तूच उभा होतास."

"पण म्हणालात काय?"

"तार्मोचा कोट झकास, पण पोराला घरी कुणी जेवायला घालत नाही."

मागच्या बायका पोट धरून हसल्या. तार्मोने पुन्हा घ्यायला सांगितलं. या खेपेला त्याचं नाव नव्हतं, पण दिवे सांभाळणाऱ्याला लागलेली डुलकी होती.

"यातलं खरं गाणं कुठलं?" त्याने मला बाजूला घेऊन विचारलं.

"दोन्ही."

"आर्वो, शब्द आधी द्यावे लागतात. एकदा दिले की बदलता येत नाहीत. नियम आहे."

काकूंना हे सांगितलं तेव्हा त्यांना खरोखरच वाईट वाटलं. "म्हणजे आलेल्या माणसापुढे कालचं जेवण ठेवायचं?"

"नाहीतर इंग्रजी आहेच की," तार्मो म्हणाला. लीसूकडून त्याने सोय म्हणून तसं एक लिहून घेतलं होतं. "ते पक्कं आहे. शिवाय युरोपला कळायला नको का, काकू?"

"तुला तरी सेतो कुठे कळतं?"

"मी सेतो नाही."

"मग काय युरोप आहेस?"

तार्मो हसला, पण संध्याकाळपर्यंत पक्के सेतो शब्द द्या, नाहीतर इंग्रजी, असं सांगून गेला. माणूस वाईट नव्हता. त्याच्याजवळ घड्याळ होतं, एवढंच.

आम्ही कँटीनमध्ये बसलो. बायकांनी जिरं घातलेलं घरचं चीज काढलं, सुरी काढली. लीसूने ओळी लिहून आजीसमोर ठेवल्या. काकू उठून कॉफीच्या यंत्रापाशी उभ्या राहिल्या आणि म्हणू लागल्या. पहिल्या ओळी नीट गेल्या. मग यंत्र गुरगुरलं, आणि ते गाण्यात आलं. पुन्हा सुरुवात केली. या वेळी कप आले. तिसऱ्यांदा आमच्या ड्रायव्हरचं टक्कल आलं, ते तर तिथे नव्हतंही.

काकू बसल्या. चीज पुढे केलं तर नको म्हणाल्या.

"लीसू, पुढे तू उभी राहा. शाळेत कविता तुला पाठ यायच्या. मी वरचा सूर लावते. त्याला ओळ टाकावी लागत नाही."

"आजी, पण तुझी जागा..."

"जागा कुठे पळत नाही."

वरचा सूर इतकी वर्षं मान्नी काकूंचा. कुणी मूत्रपिंड मागावं तसा त्यांचा चेहरा झाला. मी शब्दांवर सही करून ते तार्मोकडे दिले. परत आलो तेव्हा ओदे काकू मला हळूच म्हणाल्या, "पोरगी पाठ केलेलं म्हणेल रे. म्हणजे सेतोत इंग्रजीच गायल्यासारखं."

अंतिम फेरीत सगळं चोख चाललं होतं, आणि हीच तर काळजी होती. लीसू बक्षीस समारंभातल्या मुलीसारखी सरळ उभी राहून स्वच्छ गात होती. मी विंगेत शब्दांच्या कागदावर बोट फिरवत होतो. तेवढ्यात क्रेनवरचा कॅमेरा झुकून तिच्या कपाळाशी आला. तिने वर पाहिलं, आणि माझं बोट थांबलं.

लोखंडी करकोचा आला गं, मान वाकवून आला,
घरटं कुठं रे बांधशील, माझं डोकं का तुला?

मागच्या बायकांच्या पापण्याही हलल्या नाहीत. पुढून आलेली ओळ उचलायची, हे त्यांना पाळण्यापासून माहीत. माझं डोकं का तुला, त्या गरजल्या, आणि त्यांच्या वरून ओदे काकूंचा सूर असा निघाला की ध्वनिवाल्याने कानावरचे हेडफोन काढले. मी कागद घडी करून खिशात घातला.

प्रेक्षकांच्या मतांवर आम्ही पहिले आलो. तार्मो धावत येऊन सगळ्यांच्या गळ्यात पडला. "एक शब्द इकडचा तिकडे नाही! मे महिन्यात युरोपसमोर असंच!"

युरोपला कळणार नाही असं जो घोकत होता, त्याला स्वतःलाही कळलं नव्हतं. मी गंभीरपणे त्याच्याशी हस्तांदोलन केलं.

परतीच्या बसमध्ये काकूंनी खिडकीची जागा घेतली होती. लीसू शेजारी अंग चोरून बसली होती.

"करकोचा आला की त्याला घरटं नाही विचारायचं," काकू म्हणाल्या. "बेडूक विचारायचा. त्याच्या पोटाचं आधी बघायचं, मग आपल्या डोक्याचं."

"सुचलं नाही, आजी."

"सुचेल. मे महिन्यातही पुढे तूच. वरचा सूर माझ्याकडे राहू दे."

"आणि मी?" मान्नी काकूंनी मागच्या सीटवरून विचारलं.

"तू कोरसमध्ये तरुण दिसतेस," ओदे काकू म्हणाल्या आणि चीज मागून घेतलं.