बेचाळीस नंबरची वाढ

भाच्याची नोकरी गेली, मामांचं गॅरेज वाचलं आणि कंपनीचा शेअर नऊ टक्क्यांनी वर गेला.

आता हे तुम्ही वाचलंच नाही असं समजा. यात अवघड काही नाही, शेअर बाजारात रोज हेच चालतं. निकाल आदल्या दिवशीच सगळ्यांना ठाऊक असतो आणि दुसऱ्या दिवशी सगळे भुवया उंचावून तो नव्याने ऐकतात. तर भुवया तयार ठेवा. अजून काहीच झालेलं नाही. सोमवार आहे, भाच्याला नोकरी आहे, आणि तो मॅडमच्या केबिनबाहेर आपली चूक कबूल करायला उभा आहे.

भाचा एका दलाली पेढीच्या संशोधन विभागात मॅडमच्या हाताखाली होता. कुठल्या शेअरची किंमत किती असायला हवी हे शोधून काढायचं, असं त्याचं काम. पद्धत सोपी होती. बाजारात काय भाव चालू आहे तो बघायचा, त्यात थोडी भर घालायची, आणि मग तक्ता उलटा चालवत अशी कारणं शोधायची की उत्तर बरोबर तिथेच यावं. आधी गच्ची बांधायची, जिना सवडीने. याला मूल्यांकन म्हणत आणि त्याचे पगार चांगले होते.

ती कंपनी विजेवर चालणाऱ्या गाड्या बनवायची. वय चार वर्षं. चार वर्षांचं मूल निदान चालतं तरी. पण बाजाराने तिची किंमत अशी काही केली होती की साठ-साठ वर्षं मुकाट्याने गाड्या बनवणाऱ्या तीन जुन्या कंपन्या एका पारड्यात घातल्या तरी हिचंच पारडं जमिनीला टेकावं. आजवर तिने एकूण एकोणीस गाड्या बनवल्या होत्या. पत्रकार परिषदा चव्वेचाळीस.

भाच्याने तिचा तक्ता करायला घेतला तेव्हा सतराव्या ओळीत अडकला. ओळ होती ‘वार्षिक वाढ’. विभागात पद्धत अशी की आकडा माहीत नसेल तर तात्पुरता काहीतरी टाकायचा आणि रकाना पिवळा करायचा. पिवळं म्हणजे नंतर बघू. त्याच वेळी शेजारच्या खिडकीत भाचा बूट मागवत होता. डोक्यात बुटाचा नंबर होता तो बोटांतून उतरला. बेचाळीस. त्याने रकाना पिवळा केला आणि जेवायला गेला.

परत येईपर्यंत मॅडमनी घाईघाईत तक्ता डिझाइन विभागाला पाठवून दिला होता. डिझाइनवाल्यांच्या जगात पिवळं म्हणजे महत्त्वाचं. त्यांनी सबंध तक्त्यात पिवळं काय आहे ते शोधलं आणि अहवालाच्या मुखपृष्ठावर जेवणाच्या ताटाएवढा आकडा छापला: ४२ टक्के. खाली ‘लक्ष्य किंमत अकराशे’. त्याच्याखाली भाच्याची सही. सातशेचा शेअर आठ दिवसांत एक हजार ऐंशीला गेला.

“मॅडम,” भाचा केबिनमध्ये जाऊन म्हणाला, “तो बेचाळीस चुकीचा आहे.”

“कमी आहे?”

“माझ्या बुटाचा नंबर आहे.”

मॅडमनी टेबलाखालून दिसतील तेवढे त्याचे बूट पाहिले. “बरे आहेत,” त्या म्हणाल्या. “कंपनी म्हणते पुढच्या वर्षी वीस हजार गाड्या विकू. तिथून बेचाळीस टक्क्यांनी वाढत गेलं तर काय होतं?”

“सदतिसाव्या वर्षी पृथ्वीवरच्या प्रत्येक माणसाला दरवर्षी एक नवी गाडी घ्यावी लागते. तान्ह्या बाळांसकट.”

“बाळं मागच्या सीटवर बसतील.”

“त्यांचीही वेगळी गाडी धरली आहे मॅडम.”

मॅडमनी मान खाली घातली. भाच्याला वाटलं, पटतंय. पण त्या फक्त चष्मा शोधत होत्या. तो सापडल्यावर त्यांनी तीन कागद पुढे सरकवले. बाजारातल्या दुसऱ्या तीन पेढ्यांचे अहवाल. एकीने वाढ एकेचाळीस धरली होती, दुसरीने बेचाळीस, तिसरीने त्रेचाळीस.

“सरासरी काढ.”

भाच्याला काढावी लागली नाही.

“तुझा बूट आता उद्योगाची सरासरी आहे,” मॅडम म्हणाल्या. “एकट्याने केलेली ती चूक. चौघांनी केलं की त्याला एकमत म्हणतात. आणि हे बघ, नियमावलीत आहे, शेअरबद्दल लेखी मत द्यायचं ते पेढीच्याच कागदावर, तीन मंजुऱ्या घेऊन. बाकी कुठे लिहिलंस तर त्याच दिवशी घरी. जा, चहा घे.”

भाच्याने चहा घेतला. लाज गिळायला तो बरा पडला आणि प्रकरण तिथेच मिटलंही असतं, पण बुधवारी मामीचा फोन आला.

“तुझा अहवाल लॅमिनेट करून फ्रिजवर लावलाय रे,” मामी म्हणाली. “मामा आता गॅरेज विकतायत. सगळे पैसे तुझ्या त्या शेअरमध्ये. शुक्रवारी दहाला सह्या. म्हणे, एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या गाड्यांखाली झोपलो, आता गाड्यांच्या वर झोपणार.”

“मामी, त्यांना थांबव.”

“मी थांबवते आणि ते थांबतात, असं कधी झालंय?”

गुरुवारी भाचा रजा टाकून गॅरेजमध्ये गेला. मामा खड्ड्यात उतरून एका जुन्या गाडीचं पोट तपासत होते. भिंतीवर अवजारांचा फळा होता. प्रत्येक पान्याच्या जागी मामांनी रंगाने त्याची बाह्यरेषा काढून ठेवलेली, म्हणजे कुठला पाना कुठे टांगायचा ते कळावं. आज फळ्यावर नुसत्या बाह्यरेषा होत्या. दहाचा गेला होता, बाराचा गेला होता, मोठा पाइपपाना गेला होता.

“शेजारचा टाइलवाला जागा घेतोय,” मामा खड्ड्यातून म्हणाले. “अवजारं भंगारवाल्याने नेली थोडी. हात पुसायचं फडकं दे.”

“मामा, पैसे घालू नका. तो आकडा खोटा आहे.”

“तू लिहिलायस.”

“चुकून. तो माझ्या बुटाचा नंबर आहे.”

मामांनी वर बघितलं. बुटांकडे नाही, खड्ड्यासमोरच्या पाटीकडे. पाटी एकतीस वर्षं तिथे होती: ‘तोंडी अंदाज मागू नये. दिल्यास धरू नये.’ मामा एकदा एका गिऱ्हाइकाला तोंडी ‘होईल काहीतरी’ म्हणाले होते आणि त्याने त्या ‘काहीतरी’वर दोन वर्षं वाद घातला होता. तेव्हापासून गॅरेजमध्ये तोंडाला किंमत नव्हती.

“तू अहवालात सही करून लिहिलंस की अकराशे,” मामा वर चढत म्हणाले. “आता उभ्या उभ्या तोंडी म्हणतोयस की नाही. माझ्या जागी तू असतास तर काय धरलं असतंस?”

“पण मी तुमचा भाचा आहे.”

“माझी सख्खी बहीणसुद्धा गाडी आणते तेव्हा लेखीच घेते.”

भाच्याने कपाळाला हात लावला. मग त्याने ते सांगितलं जे सांगायला तो आला नव्हता: लेखी दिलं तर नोकरी जाईल.

“हे नियमात लेखी आहे?”

“आहे.”

“मग खरं आहे,” मामा म्हणाले आणि खांद्यावरचं फडकं दुसऱ्या खांद्यावर टाकलं. “मी जबरदस्ती नाही करत. तुझं तू बघ. मला उद्या दहाला जायचंय.”

भाचा फळ्याकडे बघत राहिला. दहाच्या पान्याच्या रेषेच्या आत फळा स्वच्छ पांढरा होता, बाहेर एकतीस वर्षांचा काळपटपणा. पेढीत त्याने आजवर कितीतरी कंपन्यांची किंमत काढली होती, पण निघून गेलेल्या वस्तूची जागा इतकी नीट राखलेली कुठल्या ताळेबंदात पाहिली नव्हती.

“पॅड द्या,” तो म्हणाला.

गॅरेजचं अंदाजपत्रकाचं पॅड मामांनी आणून ठेवलं. तीन प्रती, मध्ये कार्बन. मामांनी स्टूल ओढलं आणि जशी कुठलीही आजारी गाडी लिहून घेतात तशी कंपनी लिहवून घ्यायला सुरुवात केली.

“गाड्या बनवल्या किती?”

“एकोणीस.”

“चालू स्थितीत?”

“अकरा प्रदर्शनात उभ्या आहेत. दोन धडकेच्या चाचणीत गेल्या.”

“राहिल्या सहा.”

“पाच. एक मालकाच्या दिवाणखान्यात आहे.”

“दिवाणखान्यात काय करते?”

“चार्ज होते.”

मामांनी मागे वळून आपल्या शेडमध्ये नजर फिरवली. दुरुस्तीला सात गाड्या उभ्या होत्या. “म्हणजे चालत्या गाड्या माझ्याकडे जास्त,” ते म्हणाले. त्यांच्या आवाजात अभिमान नव्हता. दुसऱ्याच्या इंजिनात साखर सापडल्यावर त्यांचा आवाज असाच व्हायचा.

भाच्याने लिहिलं. वाहनाचा प्रकार: कंपनी. तक्रार: फुगते. केलेली तपासणी: बुटाचा नंबर काढून त्या जागी खरी शक्य वाढ घातली. एकूण अंदाज: शेअरला सव्वीस. त्याने सही केली. कार्बन चांगला होता, सही तिन्ही प्रतींवर उमटली.

मामांनी पांढरी प्रत दोनदा वाचली, घडी करून खिशात ठेवली आणि टाइलवाल्याला फोन लावला. “नाही विकत,” ते म्हणाले. “का म्हणजे काय. लेखी आलंय.” मग ते भंगारवाल्याकडे गेले आणि पाने परत घेऊन आले. दहाचा त्याने जरा महाग लावला.

इथे गोष्ट संपायला हवी होती आणि सव्वीस हा आकडा मामांच्या खिशाबाहेर गेला नसता. पण गॅरेजची पद्धत होती. पांढरी प्रत गिऱ्हाइकाला, गुलाबी गॅरेजला, आणि पिवळी गाडीच्या मालकाला, पोस्टाने. गाडी बहुतेक वेळा ड्रायव्हर आणतो आणि मालकाला भलताच आकडा सांगतो, म्हणून ही सोय. एकतीस वर्षांत मामांनी एकही पिवळी प्रत चुकवली नव्हती. त्यांनी कंपनीचा पत्ता लॅमिनेट केलेल्या अहवालाच्या मागच्या पानावरून उतरवून घेतला, तिकीट लावलं आणि पेटीत टाकली. भाच्याला सांगायचं त्यांना सुचलंही नाही. श्वास घेतल्याचं कोण सांगतं?

पुढच्या मंगळवारी पिवळी प्रत कंपनीत पोचली. तिथून ती मॅडमकडे आली. मॅडमनी भाच्याला बोलावलं. सव्वीसबद्दल त्या अवाक्षर बोलल्या नाहीत.

“कागद कुणाचा आहे हा?” त्यांनी विचारलं.

“मामांचा.”

“यावर ग्रीसचा अंगठा आहे.”

“तो मंजुरीचा असावा.”

“तीन लागतात,” मॅडम म्हणाल्या आणि त्याचं ओळखपत्र मागून घेतलं.

कंपनीने मात्र संधी वाया घालवली नाही. दुपारी तिने जाहीर केलं की एका अनुभवी, स्वतंत्र मेकॅनिकच्या गॅरेजने कंपनीची सखोल तपासणी केली असून तिच्यात दुरुस्तीपलीकडचं काही आढळलेलं नाही. सव्वीस हा आकडा निवेदनात होता, पण त्याच्यापुढे काय ते लिहिलं नव्हतं. बाजाराने तो नव्या सेवाकेंद्रांचा धरला. साहजिक होतं, मेकॅनिकने कंपनीकडे ढुंकून पाहण्याची ही पहिलीच वेळ. शेअर नऊ टक्क्यांनी वर गेला. आता उंचवा भुवया.

हल्ली भाचा गॅरेजच्या काउंटरवर अंदाजपत्रकं लिहितो. पगार पेढीतल्याचा चौथा हिस्सा आहे, आकडे मात्र सगळे खरे. समोरून जाणारी माणसं मोबाइलवर त्या शेअरचा भाव बघत जातात आणि प्रत्येक वेळी त्याला वाटतं, आपल्याच पायावर कुणीतरी उभं आहे. शेवटी एक दिवस गिऱ्हाईक नसताना त्याने पॅड ओढलं, कार्बन घातला आणि बाजाराच्या नियामकांना लिहिलं. मामांनी वाचून पाहिलं, ग्रीसचा अंगठा उठवला आणि पिवळी प्रत स्वतः पोस्टात टाकली.

“महोदय, सदर कंपनीच्या शेअरच्या चालू भावात अर्जदाराच्या बुटाचा नंबर अनवधानाने समाविष्ट झाला असून तो आजतागायत अर्जदाराच्या परवानगीविना वापरात आहे. पुरावा म्हणून डावा बूट सोबत जोडला आहे. उजवा सुनावणीच्या वेळी सादर करण्यात येईल. तरी सदर नंबर भावातून वजा करून अर्जदारास पंधरा दिवसांच्या आत परत मिळावा, आणि तसे लेखी कळवावे, कारण आमच्याकडे तोंडी उत्तर धरत नाहीत, ही नम्र विनंती.”