ओव्हनचं दार

तिसरा पॅनकेक ओव्हनमध्ये ढकलला तेव्हा घरातली अंडी संपली होती आणि माझा धीरही.

आधीचे दोन ओट्यावर पडले होते, ओल्या पायपुसण्यासारखे चपटे. चूक माझी नव्हती. अंडी, दूध, मैदा मी नीट फेटलं होतं, लोखंडी तवा ओव्हनमध्ये सणसणीत तापवून घेतला होता, पीठ ओतताना लोणी मस्त चरचरलं होतं. ते कडेने वर चढू लागलं, मधे टम्म फुगलं, आणि नेमकं तेव्हाच माझ्या सासऱ्यांनी येऊन ओव्हनचं दार उघडलं. गार हवा आत, पॅनकेक खाली. दोन्ही वेळा हेच.

"अहो बाबा, का?"

"फुगत होतं," ते म्हणाले, जणू खुळी मीच.

बाबांनी उभा जन्म कारखान्यात बॉयलर सांभाळण्यात घालवला. काही फुगताना दिसलं की आधी दाब सोडायचा, विचार मागाहून. हे त्यांच्या हातात इतकं मुरलंय की निवृत्त होऊनही हात ऐकत नाहीत. कुकरची शिट्टी कधी होऊच देत नाहीत. परवा तर त्यांनी खालच्या मजल्यावरच्या मास्तरांच्या सायकलची हवा सोडली. मास्तर माझ्या नणंदेचे जुने शिक्षक. त्यांनी थेट ताईंनाच फोन लावला.

आणि ताईंचा शब्द या घरात शेवटचा. "बाबांचं डोकं आता चालत नाही. रविवारी येऊन मी त्यांना माझ्याकडे नेते," त्यांनी जाहीर केलं. त्यांच्याकडे म्हणजे मागची खोली, लक्ष ठेवायला एक बाई आणि स्वयंपाकघराला कुलूप. नवरा "तुम्ही दोघी बघून घ्या" म्हणाला आणि रविवार असून कामावर पळाला. कमाल आहे या माणसाची!

मला बाबा हवे होते. स्पष्टच सांगते, या घरात माझं गाऱ्हाणं शेवटपर्यंत ऐकणारं दुसरं कोणी नाही. मी कामावरून आले की पाण्याचा ग्लास तेच पुढे करतात. म्हणून हा सगळा खटाटोप. दात गेल्यापासून बाबांना दुसरं काही धड खाववत नाही, पण हा मऊ पॅनकेक ते ताट पुसून खातात. ताईंनी समोर बसून ते बघावं, माणूस इथे सुखात आहे हे त्यांना दिसावं, एवढंच मला हवं होतं.

"बाबा, आता दाराला हात लावलात ना, तर तुमच्याशी बोलणार नाही मी."

ते मुकाट्याने खुर्चीत बसले आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ठेवले.

ताई आल्या त्या मोठी रिकामी बॅग घेऊनच. पहिली नजर ओट्यावर गेली. "हे काय पडलंय?"

मी काहीतरी थाप मारणार, तोच बाबा म्हणाले, "मी दार उघडलं. म्हणून बसले."

"किती वेळा?"

"दोनदा."

"बघ!" ताई माझ्याकडे वळल्या. "एकदा सांगून कळत नाही म्हणजे काय समजायचं गं? उद्या हात भाजून घेतील. तू दिवसभर बाहेर. जबाबदारी कोणाची?"

मी ओठ घट्ट मिटून घेतले. तोंड उघडलं असतं तर बरंच काही बाहेर आलं असतं. ताई ओव्हनकडे पाठ करून बोलत राहिल्या. गोळ्या कुठे आहेत, स्वेटर किती, चष्म्याचं घर कुठलं. त्यांच्या मागे काचेतून पीठ वर येताना मला दिसत होतं. कड तव्याबाहेर आली, सोनेरी झाली, मधला फुगा वर चढला. असा तर मी कधीच पाहिला नव्हता. बाबांनाही दिसत होता. ते खुर्चीच्या कडेला सरकले होते, पण हात मांड्यांखालीच. मी मनातल्या मनात म्हणत होते, आणखी थोडं, बाबा, थोडंच.

"आणि मफलर..." म्हणत ताई वळल्या. त्यांना तो फुगा दिसला. बोलणं तसंच अर्धवट राहिलं, हात पुढे गेला आणि त्यांनी खाडकन ओव्हनचं दार उघडलं.

पॅनकेक बसला.

"ताई!" मी किंचाळलेच. "शेवटची अंडी होती ती!"

"अगं, फुगत होतं ते," ताई म्हणाल्या.

वाफेने चष्मा पांढरा झालेल्या ताई आपल्याच हाताकडे बघत होत्या.

"लहानपणी माझा डबा घेऊन यायची ही, बॉयलरपाशी," बाबा मला म्हणाले. "तेव्हा शिकवलं होतं मी."

माझ्या जिभेवर खूप काही आलं होतं. मग तुमच्यासाठीही स्वयंपाकघराला कुलूप लावू का, हे तर अगदी टोकावर. पण ताईंचा चेहरा बघून गिळलं सगळं.

त्यांनी दार हळूच लावलं, चष्मा पदराने पुसला आणि बॅग उचलली.

"अंडी कुठल्या दुकानात चांगली मिळतात गं?" त्यांनी विचारलं, आणि मी सांगितल्यावर ती रिकामी बॅग घेऊनच जिना उतरल्या.

त्यांच्या पावलांचा आवाज खाली पोचेपर्यंत बाबा तसेच बसून होते.

"आता काढू का हात?" त्यांनी विचारलं.