भिंतीमागची तार

मित्रांनो, पंख अजून जागेवर आहेत म्हणून मला विमान म्हणायचे, एवढेच. चाकांतली हवा कधीच गेली. नाकावरचा रंग पापुद्रे सुटावेत तसा सुटतो आहे आणि डाव्या इंजिनाच्या तोंडात पाखरांनी काड्या कोंबून ठेवल्या आहेत. विमानदुरुस्ती शिकवणाऱ्या एका शाळेच्या मागच्या पटांगणात मी उभा आहे. मुलेमुली येतात, माझी झाकणे उघडतात, माझ्या खुर्च्यांवर बसून डबे खातात, खिदळतात. त्यांचा मला राग येत नाही. उलट बरे वाटते. पण माझ्याजवळ सांगण्यासारखे काही आहे, हे त्यांच्या गावीही नाही. तुम्ही आला आहात तर तुम्हाला सांगतो.

मी एकटा जन्मलो नाही. एकाच कारखान्यात, एकाच छपराखाली, शेजारी शेजारी माझे एक जुळे भावंडही घडत होते. एकाच पत्र्याचे आम्ही, एकाच हातांनी जोडलेले. माणसाच्या अंगात शिरा असतात तशा आमच्या अंगात तारा घातल्या. दिव्यांच्या, पंपांच्या, यंत्रांच्या, मैलोन्‌मैल तारा. त्यांतला एक जाडसर जुडगा वैमानिकाच्या खुर्चीमागच्या भिंतीआड, एका लोखंडी पट्टीच्या कडेजवळून नेला होता. आराखड्यात तसेच दाखवले होते. कारागिरांनी मन लावून काम केले, जुडगा ताठ बांधला आणि भिंत लावून टाकली. पट्टी आणि जुडगा यांच्यामध्ये बोटभर जागा होती. एवढी जागा पुरेल असे सर्वांनाच वाटले होते. त्यात कोणाचा हलगर्जीपणा नव्हता.

आम्ही दोघे समुद्रकाठच्या एका लहान गावी आलो. समोर बेटे होती. होडीने तिकडे जायला दिवस मोडायचा, आम्ही चहा गार व्हायच्या आत पोहोचायचो. आम्ही काय काय नेले म्हणून सांगू! शिक्षक नेले, औषधांच्या पेट्या नेल्या, बाळंतपणाला माहेरी निघालेल्या लेकी नेल्या. एकदा तर एका लेकीने माझ्या पोटातच बाळाला जन्म दिला. बेटावरची माणसे आमचा आवाज आला की अंगणात येऊन हात हलवायची. विमाने ठेवायच्या मोठ्या छपराखाली, म्हणजे हँगरमध्ये, मला सगळे 'थोरले' म्हणत आणि माझ्या भावंडाला 'धाकटे'.

आमच्या तारांची काळजी घेणारा माणूस म्हणजे दादा. तो खरा दादा एकाच व्यक्तीचा, पण तिचे ऐकून सगळा हँगर त्याला दादा म्हणू लागला होता. ती व्यक्ती म्हणजे त्याची धाकटी बहीण. ती आमची वैमानिक होती. लहानपणापासून एका जागी बसायची नाही म्हणून दादाने तिचे नाव भिंगरी ठेवले होते आणि गणवेशावर पट्टे चढले तरी ते नाव काही सुटले नाही. गंमत अशी, की बहीण दिवसभर आकाशात आणि भाऊ मात्र शिडीच्या चौथ्या पायरीवर गेला तरी कठडा घट्ट धरायचा. आयुष्यभर विमाने दुरुस्त करणारा तो माणूस एकदाही विमानात बसून उडाला नव्हता.

भिंगरीला माझ्या पुढच्या फळीवर चहाचा कप विसरायची सवय होती. दादा कप हातात घेऊन बाहेर यायचा आणि ओरडायचा, "भिंगरे, हे विमान आहे का चहाची टपरी?"

"टपरीच आहे! तू चालव, मी गिऱ्हाइकं आणते," ती म्हणायची.

मग दोघे हसायचे. उड्डाणाआधी ती नेहमी त्याच्याकडे पाहून भुवई उंचावायची. तो मान हलवायचा. त्यांच्यात तेवढे पुरे होते.

वर्षे गेली. मित्रांनो, उडताना आमचे अंग सतत थरथरत असते. प्रवाशांना ते जाणवत नाही. पण त्या थरथरीने भिंतीआडचा जुडगा हळूहळू सैलावला, खाली झुकला आणि पट्टीच्या कडेवर टेकला. तिथे तो घासू लागला. प्रत्येक उड्डाणाला किंचित, अगदी किंचित. दुखत होते का, असे विचाराल तर नाही. ठणका लागला असता तर बरे झाले असते. दादा आमच्या सगळ्या तारा तपासायचा, पण ती भिंत उघडून पाहावी असे कोणत्याच नियमात लिहिलेले नव्हते. तिच्याआड काही बिघडेल असे कोणाच्या मनातही आले नव्हते.

तो दिवस चांगला स्वच्छ होता. वारा नव्हता. भिंगरी धाकट्याला घेऊन बेटाकडे निघाली. मी हँगरमध्ये होतो आणि दादा माझ्या पंखाखाली एक दिवा बदलत होता. भिंतीवरच्या बिनतारी यंत्रातून तिचा आवाज आला. शांत आवाज. मागून धूर येतो आहे, परत फिरते आहे, असे ती म्हणाली. दादाच्या हातातला दिवा तसाच राहिला. थोड्या वेळाने तिचा आवाज पुन्हा आला, या वेळी खोकत. धावपट्टीपर्यंत पोहोचता येणार नाही, पाण्यावर उतरवते, होड्या पाठवा. त्यानंतर ते यंत्र नुसते खरखरत राहिले.

तिने धाकट्याला किनाऱ्याजवळ पाण्यावर उतरवले. मच्छीमारांच्या होड्या धावल्या. मागच्या खुर्च्यांवरचे सगळे प्रवासी जिवंत निघाले. पण धूर पुढच्या बाजूला भरला होता. भिंगरी आणि तिच्या शेजारचा तरुण वैमानिक बाहेर आले नाहीत. माझे भावंड त्यांना पोटात घेऊन बुडाले.

चौकशीसाठी लांबून माणसे आली. समुद्रातून धाकट्याचे तुकडे वर काढले आणि माझ्यासमोरच्या फरशीवर मांडले. माझ्यासारखीच चाके, माझ्यासारखीच खिडकी. मला डोळे मिटता येत नाहीत, मित्रांनो. मी सगळे पाहत राहिलो. वैमानिकाच्या खुर्चीमागच्या भिंतीचा पत्रा निघाला तेव्हा त्याआडची एक तार जळून तिच्या टोकाला तांब्याचा मणी झालेला दिसला. पट्टीवर घासून तारेचे आवरण गेले होते. उघडी तार लोखंडाला लागली, ठिणगी पडली आणि आतल्या आत सगळे पेटले.

काही महिन्यांनी सरकारी आदेश आला. आमच्या जातीच्या प्रत्येक विमानाची ती भिंत उघडायची, जुडगा पट्टीपासून दूर न्यायचा, झिजलेल्या तारा बदलायच्या, वरून जाड नळी चढवायची, रबर लावलेल्या चिमट्यांनी बांधायचा. शिवाय बारीकशी ठिणगी पडली तरी वीज तोडणारी नवी कळ बसवायची. हे केल्याशिवाय ठरलेल्या मुदतीनंतर उडायचे नाही. ती मुदत अजून लांब होती.

दादा तेव्हा नुकताच कामावर परतला होता. तो निम्मा झाला होता. आदेश वाचून तो सरळ आमची विमानसेवा चालवणाऱ्या मोठ्या साहेबांकडे गेला. साहेब पूर्वी वैमानिक होते आणि भिंगरीला विमान उडवायला त्यांनीच शिकवले होते. दोघांचे बोलणे माझ्याच पंखाखाली झाले.

"साहेब, थोरल्याला आता बाहेर काढू नका."

"दादा, नवीन सामान यायला वेळ आहे. आणि आता हे एकच विमान उरलंय. बेटावरचे आजारी लोक दर आठवड्याला इकडच्या दवाखान्यात येतात. त्यांना काय सांगू? आदेशात मुदत दिलेली आहे."

"त्यांना काय सांगायचं ते मला नाही माहीत. खरंच नाही माहीत. पण भिंत उघडून बघू तरी द्या."

"आणि आत सगळं ठीक निघालं तर?"

"तर सोडा. मी आडवा येणार नाही."

साहेबांनी कोट काढून खुर्चीवर टाकला. "चल," ते म्हणाले. "टॉर्च मी धरतो."

दादाने पहिल्या स्क्रूला पेचकस लावला. साहेबांनी उजेड हलू दिला नाही. हळूहळू एकेक स्क्रू निघाला आणि पत्रा बाजूला झाला.

जुडगा पट्टीच्या कडेवर टेकलेला होता. वरच्या तारेचे आवरण घासून गेले होते आणि आतले तांबे उजेडात नव्यासारखे चमकत होते. माझेही तेच झाले होते, मित्रांनो. एखादे उड्डाण, फार तर दोन, मग मीही पेटलो असतो.

साहेबांनी वाकून तिच्यावर उजेड धरला. "उद्या सकाळी मी याला पाठवणार होतो," एवढेच त्यांच्या तोंडून निघाले.

दादा त्या तारेवर बोट ठेवून उभा होता. "तिला हे दिसलं असतं का हो?"

"नाही. खुर्चीत बसून कसं दिसणार?"

"मला दिसायला हवं होतं."

"तुलाही दिसलं नसतं. कोणालाच नाही. इथे बघा असं कोणी सांगितलंच नव्हतं."

दादाने मान हलवली, पण ते त्याच्या मनाला पटले नाही, हे मला कळले.

सामान येईपर्यंत मी हँगरमध्येच राहिलो. बेटावरचे आजारी लोक होडीने येऊ लागले. एक म्हातारी बाई त्या प्रवासातच गेली. माझ्या थांबण्याने ती गेली आणि माझ्या उडण्याने आणखी कितीतरी गेले असते. हा हिशेब मला आजही मांडता येत नाही. साहेब स्वतः होडीने तिच्या घरी जाऊन आले.

सामान आल्यावर दादाने ते सगळे काम आपल्या हाताने केले. हाताखाली माणसे होती, पण त्या भिंतीजवळ तो कोणाला येऊ देत नव्हता. काम संपले तरी त्याने पत्रा लगेच लावला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी तो आपल्या आईला घेऊन आला. तिनेच हट्ट धरला होता. मुलीच्या जाण्याचे कारण तिला डोळ्यांनी पाहायचे होते.

आई शिडी चढून आत आली. वाकून तिने भिंतीआड पाहिले. दादाने जुन्या तारेचा कापून ठेवलेला तुकडा खिशातून काढून तिच्या तळहातावर ठेवला.

"एवढीशी?" ती म्हणाली.

"एवढीच, आई."

"आता घासणार नाही ना ती?"

"नाही. लांब नेलीय. हात घालून बघ. वर नळी घातलीय, आणि काही झालंच तर वीज आपोआप तुटते."

आईने हात घालून पाहिले. नळीवरून, चिमट्यांवरून तिने बोटे फिरवली. न्हाऊ घातलेल्या लेकराची पाठ चाचपावी तशी. मग ती वैमानिकाच्या खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली आणि तिने अगदी साध्या आवाजात विचारले, "एवढंच करायचं होतं, तर आधी का नाही केलं रे?"

तुकडा पदराच्या टोकाला बांधून आई शिडी उतरली.

मी पुन्हा उडू लागलो. पण दादा माझ्याजवळ राहिला नाही. आमच्या जातीची विमाने जगभर विखुरली होती आणि हे काम नीट केलेली माणसे थोडी होती. कुठून तरी बोलावणे आले आणि तो गेला. मग दुसरीकडून, मग तिसरीकडून. आगगाडीने, जहाजाने, आणि जिथे दुसरी वाटच नव्हती तिथे विमानाने. हो, विमानाने. साहेब सांगत, की पहिल्या वेळी तो खुर्चीचे हात धरून, डोळे गच्च मिटून बसला आणि उतरल्यावर सरळ कामाला लागला. काही ठिकाणी भिंतीमागे सगळे ठीक निघाले. काही ठिकाणी तांबे चमकत होते. तिथून तो साहेबांना फोन करून एकच वाक्य बोलायचा, "इथेही होतं."

अशी काही वर्षे गेली. एके दिवशी सकाळी तो हँगरच्या दारात उभा दिसला. केस पांढरे झाले होते. हातात तीच हत्यारांची पेटी. साहेब खुर्ची सोडून पुढे गेले.

"झालं?" त्यांनी विचारले.

"झालं. शेवटचं परवा झालं. आता असं एकही राहिलं नाही."

एवढे बोलून तो माझ्या चाकापाशी आला, पेटी खाली ठेवली आणि टायरला टेकून बसला. भिंगरी गेली तेव्हा तो रडला नव्हता. माझे भावंड फरशीवर मांडले तेव्हाही नाही, आईसमोरही नाही. आता मात्र तो रडू लागला. मोठ्याने, लहान मुलासारखा, "भिंगरे, भिंगरे" म्हणत. हँगरमधल्या माणसांनी हातातली कामे ठेवली, पण जवळ कोणी गेले नाही. साहेब तेवढे त्याच्या शेजारी जमिनीवर जाऊन बसले. मला हात असता तर मी तो त्याच्या पाठीवर ठेवला असता.

मित्रांनो, मी अजून पुष्कळ वर्षे उडालो आणि एकाही प्रवाशाला माझ्यामुळे खरचटले नाही. ते श्रेय माझे नाही. तुम्ही कधी विमानतळावर खोळंबून बसलात आणि तपासणी चालू आहे असे कोणी सांगितले, तर चिडू नका, त्या माणसाला घाई करू नका. पंखा असो, घरची इस्त्री असो की आकाशात जाणारे यंत्र, ते चालते आहे म्हणून धड आहे असे समजू नका. जिथे पाहा असे कोणी सांगितलेले नाही, तिथेही एकदा पाहा. आमच्या सुरक्षेचे जे आदेश निघतात त्यांवर नुसता क्रमांक असतो, कोणाचे नाव नसते. पण 'आधी का नाही केलं?' हा त्या आईचा प्रश्न अजून तसाच आहे. पुढच्या वेळी तो विचारायची पाळी दुसऱ्या कोणा आईवर येऊ देऊ नका.