माझ्यावर अजून काय लावायचं राहिलंय?

मी बोलतेय, ही पोर्चमध्ये उभी असलेली निळी मोटारसायकल. आमच्यात बोलायची पद्धत नाही. किल्ली फिरवली की सुरू व्हायचं, बंद केली की गप्प बसायचं. पण माझ्या अंगावर काय काय लादलं गेलं ते ऐकलंत, तर तुम्हीच म्हणाल की हिनं इतके दिवस तोंड मिटून ठेवलं हेच खूप झालं.

मला स्पोर्ट-टूरिंग म्हणतात. म्हणजे अर्धी शर्यतीची, अर्धी लांबच्या प्रवासाची. ज्यांनी मला घडवलं, त्यांच्या मनात होतं की चालवणारा जरा पुढे वाकून बसेल, रस्ता मोकळा असेल आणि मी वळणांवर कलत-सावरत डोंगर ओलांडत जाईन. माझ्या माहितीपत्रकावरच्या फोटोत मागे धुकंसुद्धा होतं. प्रत्यक्षात माझ्या वाट्याला आला एक दातांचा डॉक्टर.

माणूस वाईट नव्हता. पण पहिल्याच आठवड्यात त्यानं माझा सायलेन्सर काढून दुसरा बसवला, ज्याचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जाईल असा. मग त्या आवाजाची त्याला स्वतःलाच लाज वाटायला लागली. मला बाहेर काढलं की शेजारी खिडक्या लावून घ्यायचे. शेवटी त्यानं माझ्यावर कव्हर घातलं आणि तो चारचाकीनं दवाखान्यात जाऊ लागला. मी नुसती उभी. बॅटरी मेली, चेनला गंज धरला, सीटखाली उंदरांनी संसार मांडला. दुसऱ्यांचे दात रोज घासून स्वच्छ ठेवायला सांगणारा माणूस मला वर्षभर फडकंसुद्धा लावत नव्हता.

मग मला विकत घ्यायला ती आली. ती फिजिओथेरपिस्ट आहे. कोणाचा अर्धा देह लुळा पडलेला, कोणाचा गुडघा बदललेला, कोणी महिनोन्‌महिने अंथरुणाला खिळलेलं. अशांच्या घरी जाऊन ती व्यायाम करून घेते. अंगाला मलमाचा वास. आली आणि तिनं माझी सीट अंगठ्यानं दाबून पाहिली, जशी ती एखाद्याची पाठ दाबून बघत असेल. मग सायलेन्सरकडे बघून दातांच्या डॉक्टरला म्हणाली, "जुना जपून ठेवलाय ना? तो द्या. हा तुम्हीच ठेवा." त्या एका वाक्यावर मी तिची झाले.

आता खरं सांगते, तिनंही मला जशी होते तशी ठेवली नाही. दिवसभर या घरातून त्या घरी, सिग्नलला थांब, अरुंद बोळात वळ, उतारावर लाव. माझं ते वाकून बसणं तिच्या मनगटांना झेपेना. दिवसभर दुसऱ्यांची मनगटं फिरवणारी बाई संध्याकाळी स्वतःचे हात झटकत घरात शिरायची. मग ती मला गॅरेजवाल्याकडे घेऊन गेली. त्याला सगळे 'पाना' म्हणतात. त्यानं माझं हँडल उंच केलं. माझी शर्यतीची ऐट गेली, मला राग आला. त्यात पानानं घाईत जुनीच तोकडी केबल ठेवली, त्यामुळे हँडल पूर्ण वळवलं की क्लच आपोआप ओढला जायचा. तिनं त्याच दिवशी परत नेऊन केबल बदलून घेतली. सीटचा फोम बदलला, पुढची काच उंच केली, एका बाजूला तिच्या पिशवीपुरती एक पेटी लावली. झालं. महिन्याभरात तिचे हात झटकणं थांबलं आणि माझाही राग निवळला. एवढ्यावर थांबलं असतं तर मी आज तोंड उघडलं नसतं.

पण तिला नवरा आहे.

तो विमा कंपनीत काम करतो. अपघातात मोडलेल्या गाड्या बघायच्या, त्यांचे फोटो काढायचे, काय काय तुटलं ते लिहून द्यायचं, हा त्याचा रोजचा उद्योग. मी घरी आले त्या दिवशी तो माझ्याभोवती फिरला आणि म्हणाला, "इथून धडक बसली तर हे जाईल. मागून बसली तर हे सगळंच." नव्या सुनेनं उंबरठा ओलांडावा आणि कोणी विचारावं की ही आजारी पडली तर किती खर्च येईल, तसं मला वाटलं. बरं, हा स्वतः माझ्यावर कधी बसला नाही. मागच्या सीटवरसुद्धा नाही.

मग पार्सलं सुरू झाली.

पहिलं आलं ते क्रॅश गार्ड, इंजिनाच्या दोन्ही बाजूंना वाकवलेल्या लोखंडी नळ्या. ठीक आहे म्हटलं, असू दे. मग जादाचे दिवे आले. त्या दिव्यांच्या खाली आणखी दिवे आले. मग दोन भोंग्यांचा हॉर्न आला, जो वाजला की समोरचा बाजूला होण्याऐवजी घाबरून जागच्या जागी थांबायचा. पुढे एक कॅमेरा, मागे एक कॅमेरा. टायरमधली हवा सांगणारं एक यंत्र, जे हवा बरोबर असली तरी टिकटिकायचं. चमकणाऱ्या पट्ट्या. पोटाखाली जाड पत्रा. आणि सगळ्यांवर कळस म्हणून मागे उंचावर एक भलीमोठी काळी पेटी. तिच्यात प्रथमोपचाराचं सामान, आग विझवायचं छोटं नळकांडं, दोर, हवा भरायचा पंप, दोन टॉर्च आणि एक घोंगडी. घोंगडी कशाला, हे त्यालाही सांगता आलं नाही.

पार्सलवाला एकदा त्याला म्हणाला, "साहेब, परत गाडीचंच?"

"गाडीचं नाही, तिच्यासाठी आहे," तो म्हणाला.

पानाचं काय, गिऱ्हाईक म्हणेल ते लावायचं. सगळे दिवे, कॅमेरे, भोंगे त्यानं एकाच वायरला जोडले. सकाळी स्टार्टर दाबला की माझ्या घशातून नुसतं टक्‌ यायचं. मग ती मला उतारावरून ढकलत सुरू करायची, आणि हा वरून विचारायचा, "बॅटरी मोठी मागवू का?"

त्याची आई घरातच असते. ती एकदा पोर्चमध्ये येऊन माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, "अरे, तुझ्या बाबांनी मला लग्नानंतर सायकलवर डबलसीट गावभर फिरवलं. त्या सायकलीला घंटासुद्धा नव्हती."

"आई, तेव्हा रस्त्यावर गाड्या नव्हत्या."

"नव्हत्या कशा? त्याच चुकवायच्या नादात आम्ही दोनदा गटारात गेलो."

हे ऐकून त्यानं आणखी एक आरसा मागवला.

बाई काही बोलत नव्हती, हेच मला सहन होत नव्हतं. माझं वजन तिच्या हाताला कळत होतं. मला मागे ढकलताना ती दात-ओठ खायची. पण तो पान्यानं नट पिळत उकिडवा बसलेला दिसला की गप्प राहायची. म्हणायची, "लावू दे. त्याला बरं वाटतं." आणि मला? मला कोण विचारतो.

शेवटी व्हायचं ते झालं. तिचे एक पेशंट आहेत, शिवणकाम करणारे आजोबा. पक्षाघातानं त्यांचा उजवा हात गेला होता. तिनं खपून खपून तो इतका आणला होता की ते आता शर्टाचं बटण लावायचे. ती यायच्या वेळेला ते खिडकीत बसून राहायचे. त्यांच्या फाटकाबाहेर उतार आहे आणि त्यावर बारीक खडी. ती थांबली, डावा पाय टेकला, पाय खडीवरून सरकला. मी जेमतेम तसूभर कलले असेन. पूर्वीची मी असते तर तिनं मांडीच्या जोरावर सावरलं असतं. पण मागची ती काळी पेटी अंगावर कोणी ढकलून द्यावं तशी मला खाली घेऊन गेली. मी उभ्या उभ्या पडले. कोणाची धडक नाही, वेग नाही, समोर कोणी नाही. मोटारसायकलीला यापेक्षा लाजिरवाणं मरण नाही.

वरून आजोबा खिडकीच्या गजांवर काठी आपटत होते. त्यांना पटकन बोलता येत नाही. काठीचा आवाज ऐकून रखवालदार धावला, आणखी दोघं आली, तेव्हा कुठे मी उठले.

तिचा घोटा मुरगळला होता, टम्म सुजला. आतलं लिगामेंट फाटलं होतं, हे तिनंच हात लावून ओळखलं. नवरा आला. आला तो धापा टाकत, आणि आल्या आल्या सवयीनं खिशातून फोन काढून त्यानं माझे फोटो घ्यायला सुरुवात केली. डावीकडून, उजवीकडून, समोरून. ती पायरीवर बसून बघत होती.

"माझाही काढ," ती म्हणाली. "क्लेमला लागेल."

त्याचा हात खाली आला. चेहरा असा झाला की मला, म्हणजे ज्या माझा त्यानं इतका छळ केला होता त्या मला, त्याची दया आली.

तिचं काम बंद झालं. आजोबांकडे दुसऱ्या कोणाला पाठवावं लागलं, तर त्यांनी त्या मुलीला हात लावू दिला नाही. बाई स्टुलावर पाय ठेवून घरात बसून राहिली आणि चिडचिड करत राहिली. मी पोर्चमध्ये, तिच्या खिडकीला लागूनच. त्यामुळे पुढचं सगळं मला ऐकू आलं.

कारण चौथ्या की पाचव्या दिवशी पुन्हा पार्सल आलं. तिनंच फोडलं. आत आणखी जाड क्रॅश गार्ड होतं.

"हे काय आहे?"

"मजबूत आहे. आधीचं बारीक होतं."

"मी कशानं पडले, कळलंय तुला?"

"खडीमुळे."

"खडी मी रोज बघते. मागे तुझं अख्खं कपाट होतं, त्यामुळे पडले." मग तिनं खरं तेही सांगितलं, "पहिल्या गार्डमुळे पाय खाली चिरडला नाही, हे कबूल आहे. ते राहू दे. बाकीचं काढ."

त्यानं गार्ड पुन्हा खोक्यात ठेवल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "मी दिवसभर काय बघतो, तुला माहीत नाही. समोरून कोण कसा येईल, ते काही माझ्या हातात नाही. नट-बोल्ट तेवढे आहेत."

"मग मला विचारायचंस. मला भीती वाटते का, हे तू एकदाही विचारलं नाहीस."

"वाटते?"

"रोज वाटते. फाटकातून बाहेर पडताना वाटते. वळणावर ट्रक दिसला की वाटते. मग मी बघून चालवते. पण तू लावलेल्या दिव्यांतलं कुठलं बटण कशाचं, हे शोधण्यात माझं निम्मं लक्ष जातं."

त्या रविवारी तो पाने घेऊन माझ्याजवळ बसला. चुकीच्या मापाच्या पान्यानं त्यानं माझ्या दोन नटांचे कोपरे झिजवले, एक बोल्ट आतच तोडला, आणि वायर कापताना माझा चांगला इंडिकेटरही मारला. शेवटी पानाला बोलवावं लागलं. आई कपड्यांची बादली घेऊन बसली होती. निघेल ते त्यात टाकत होती. बादली भरली तेव्हा म्हणाली, "एवढ्यात तर दुसरी गाडी झाली असती." तो हसला नाही. पण घोंगडी त्यानं स्वतः घडी करून आत नेली.

बाई परत माझ्यावर बसली तेव्हा घोट्याला पट्टा होता. आम्ही आजोबांकडे गेलो. खडी होती तिथेच होती. ती जरा वर, सपाट जागेवर थांबली, स्टँड लावला आणि उतरली. खिडकीत आजोबांनी उजवा हात वर केला.

संपलं असं मला वाटलं होतं. पण एका संध्याकाळी तो खाली मान घालून, माझी आधीच पुसलेली चेन पुन्हा पुसत तिला म्हणाला, "ते मागचे फूटरेस्ट जरा खाली घेता येतील का?"

"कशाला?"

"गुडघे फार दुमडतात."

"कोणाचे?"

"काल बसून बघितलं. उभ्या गाडीवरच."

ती आत गेली. आतून पेशंटच्या सांध्यांचा कोन मोजायची पट्टी घेऊन आली, त्याला माझ्या मागच्या सीटवर बसवलं आणि त्याचा गुडघा मोजला. दुसऱ्याच दिवशी पानानं फूटरेस्ट चार बोटं खाली घेतले. म्हणजे बघा, एवढं सगळं माझ्या अंगावरून उतरलं, आणि त्याच्या जागी हा अख्खा माणूस आला. वजनाच्या हिशेबात मी पुन्हा होते तिथेच.

आता दर रविवारी सकाळी आम्ही तिघं गावाबाहेरच्या रस्त्यावर जातो. तो हेल्मेटमधून तिला सतत सूचना देतो, कुत्रं आलं, खड्डा आला, तो बघ इंडिकेटर न देता वळला. ती म्हणते, "दिसलं." वळण आलं की आम्ही दोघी आत कलतो आणि हा पठ्ठ्या बाहेरच्या बाजूला झुकतो, ताठ, डोळे मिटून, जणू मला सरळ धरून ठेवायची जबाबदारी त्याच्यावर आहे. तरी मागच्या रविवारी एका लांब वळणावर त्याचा हात तिच्या कमरेवर सैल पडला. तेवढ्या एका वळणापुरता तो आमच्याबरोबर आला. पुढच्या वळणाला पुन्हा उलटा.

म्हणून सगळ्या घरच्यांना माझं हात जोडून सांगणं आहे. कोणी तुमचं माणूस रोज आमच्यावर बसून बाहेर पडत असेल आणि तुमचा जीव टांगणीला लागत असेल, तर पुढचं पार्सल मागवण्याआधी एकदा त्याच्या मागे येऊन बसा. आणि बसलात तर, बाबांनो, वळणावर चालवणाऱ्याच्या बाजूला झुका.