सातव्या भागातली बाई

‘तुम्ही खोटं दाखवलंत. ती बाई ओरडली नव्हती.’

एवढं लिहून ओकनामने बोट फडक्याला पुसलं. तेलकट बोटाला मोबाइल जुमानत नाही, एका अक्षराची तीन होतात. वाहिनीच्या पानावर प्रेक्षकांनी मतं लिहायची जागा होती आणि तिथे सकाळपासून नुसती रीघ लागली होती. रडून रडून उशी भिजली. लेखिकेचे हात सोन्याचे. त्या बाईला माझा दंडवत. प्रत्येक गावात अशी एक बाई असती तर. ओकनामने सगळं वाचलं होतं, चष्मा लावून, दोनदा. मग पुढे लिहिलं.

‘मी तुम्हाला खरं काय ते कळवलं होतं. त्यातलं फाटक तुम्ही घेतलंत, कुत्रा घेतलात, पोलिसाचा बूटसुद्धा घेतलात. बाई तेवढी बदललीत. कोणाला विचारून बदललीत?’

भाजायच्या फिरत्या पिंपात तीळ तडतडायला लागले होते. चांगदो, तिचा नवरा, पोत्यावर बसून चाळणीतले खडे वेचत होता. मान वर न करता म्हणाला,

“जळतायत.”

“दिसतंय ना तुम्हाला? मग उतरवा.”

“मी खडे बघतोय.”

तिने उठून पिंप उपडं केलं. धूर छतापर्यंत गेला. शरदातल्या सणाला आठ दिवस उरले होते आणि बाजारातल्या प्रत्येक घराला तिळाचं तेल हवं होतं. दारूच्या धुतलेल्या हिरव्या बाटल्या भिंतीशी रांगेने उभ्या होत्या. ओकनामने घाण्यात तीळ ओतले, कळ दाबली आणि परत मोबाइल हातात घेतला.

‘परतीची गस्त’ दोन वर्षांपूर्वी सुरू झाली होती. एक फौजदार जुन्या पोलीस चौकीच्या मागच्या दारातून बाहेर पडतो आणि थेट पस्तीस वर्षांमागे निघतो, अशी ती मालिका. तिकडे तो एखादी चूक दुरुस्त करतो. परत येतो तर इकडे मेलेली मुलगी जिवंत असते, तुरुंगातला माणूस घरात जेवत बसलेला असतो. पहिले सोळा भाग ओकनामने चार-चार वेळा पाहिले होते. शेवटी कोणीतरी घरी येतं आणि आई त्याच्यापुढे भाताचा वाडगा ठेवते, तिथे ती दर वेळी रडायची. चांगदो उठून बाहेर विडी ओढायला जायचा.

मग त्या हिवाळ्यात चोन ग्यूबोक मेला. ओकनाम गेली त्याच्या अंत्यविधीला. पैशांचं पाकीट दिलं, मटणाचं गरम कालवण खाल्लं, घरी आली. आणि आठवड्याने वाहिनीला लिहायला बसली. तुमचा फौजदार जातो तर एकदा आमच्याकडेही जाऊ दे, असं तिला म्हणायचं होतं. गावाचं नाव लिहिलं नाही, स्वतःचंही नाही. बाकी सगळं लिहिलं.

गल्लीतल्या यांग म्हातारीला कोणीतरी रात्री घरात शिरून मारलं होतं. तेव्हा ओकनाम बत्तीस वर्षांची, त्याच गल्लीत राहायची; या बाजारात ती नंतर आली. पोलिसांनी ग्यूबोकला धरलं. सत्तावीस वर्षांचा पोरगा, नांगरटीची यंत्रं दुरुस्त करायचा, बोलताना अडखळायचा. पाचव्या दिवशी त्याने कबूल केलं. मग रीतीप्रमाणे त्याला गावात आणलं. गुन्हा कसा केला ते जागेवर करून दाखवायचं, म्हातारीच्या जागी तिची विजार घातलेली बाहुली, भोवती दोरी, दोरीबाहेर सगळा गाव. लोक थुंकत होते. कोणी मुळा फेकून मारला.

कबुलीजबाबात लिहिलं होतं की मी फाटक हळूच ढकलून आत गेलो, कुत्रा भुंकला नाही. ग्यूबोकने बेड्या घातलेल्या हातांनी फाटक ढकललं. हललं नाही. पुन्हा ढकललं. पत्रा दगडावर असा खरवडला की आतला कुत्रा साखळी तोडायला लागला. ते फाटक ढकलून उघडायचंच नाही. एका बिजागरीवर लोंबलेलं होतं, खाली बुटाचं टोक घालून उचलायचं आणि आपल्याकडे ओढायचं. त्या घरात एकदा जरी कोणी शिरलं असेल तर त्याला हे ठाऊक. ग्यूबोकला ठाऊक नव्हतं. तो उभा राहिला, सांगतील ते करायला तयार. शेवटी एका पोलिसाने पुढे होऊन बूट घातला, फाटक ओढलं, बाजूला झाला, आणि मग छायाचित्रवाल्याने फोटो काढला. ओकनाम दोरीला पोट लावून उभी होती. तीन हातांवर. तिने सगळं बघितलं.

ही सगळी हकीकत तिने वाहिनीला लिहिली. उत्तर आलं, ‘आपल्या मौल्यवान मतासाठी आभार.’

आणि आता हे नवे आठ भाग. रविवारी सातवा झाला. फौजदार मागे जातो, गर्दीत उभा राहतो, पण तो काही करायच्या आतच दोरीपाशी उभी असलेली बाई ओरडते, “याला फाटक उघडता येत नाही. हा या घरात कधी आलेला नाही.” गाव गप्प होतो. पोलिसाचा बूट हवेत राहतो. संगीत. पोरगा सुटतो.

तेलाची धार बारीक झाली तशी शेजारच्या तांदळाच्या वड्यांच्या दुकानातली बोंगसुन दारात आली. हातात मग, पाठ चौकटीला, म्हणजे निदान अर्धा तास.

“ताई, बघितलंस का? मी तर उठून उभीच राहिले. नवरा म्हणाला, बस, म्हाताऱ्ये, टीव्ही दिसत नाही.”

“बघितलं.”

“काय बाई ती. वाघीण. आपल्या बाजारात आहे का कोणी अशी?”

“तू आहेस की. सहा महिने पालिकेचा नळ गळतोय, ओरडलीस?”

“नळाचं वेगळं,” बोंगसुन म्हणाली. “नळ काय, कोणालाही फासावर नेत नाही.” तिने वाफाळत्या मगात फुंकर मारली. “पण ताई, मला सांग, गावात दुसरं कोणीच कसं बोललं नाही? शंभर माणसं उभी. शंभरांना दिसलं असणार. मेले कसले लोक असतील.”

चांगदोने चाळणी आपटली. खडे जमिनीवर उडाले.

“यांचं काय झालं?”

“डोळ्यांना दिसत नाही,” ओकनाम म्हणाली, “आणि राग चाळणीवर.”

बोंगसुन गेल्यावर तिने उरलेलं लिहिलं. आता बोटं पुसायचीही शुद्ध राहिली नाही.

‘तुमच्या बाईला नवराच दाखवला नाहीत. घर नाही, पोर नाही. नुसती दोरीपाशी उगवली. अशी बाई ओरडेल नाहीतर काय करेल? तिचं जातं काय?’

पाठवून दिलं.

चांगदोचं तिने पहिल्या पत्रातही लिहिलं नव्हतं. ग्यूबोकच्या आधी पोलिसांनी चांगदोला नेलं होतं. चार दिवस. म्हातारीकडे फरशी बसवायला तो गेला होता, एवढंच निमित्त. चार दिवसांनी ग्यूबोकला धरलं, तेव्हा याला सोडला. पायाची नखं काळी पडली होती, महिनाभर पोटावर झोपला, आणि काय झालं ते आजतागायत सांगितलं नाही. तिनेही विचारलं नाही. विचारायचं काय त्यात, अंगावर सगळं लिहिलेलं होतं. दोरीपाशी ती उभी होती तेव्हा तिच्या पोटात मुलगी होती आणि हिशोब सरळ होता. हा नाही तर मग कोण? मग ते परत कोणाच्या दारात येतील?

बुधवारी हेसुक आली.

ग्यूबोकची धाकटी बहीण. त्या वेळी बावीसची होती, आता केस पांढरे, गुडघे गेलेले. खांद्यावरचं तिळाचं गाठोडं तिने तराजूवर ठेवलं आणि भिंतीकडेच्या बाकड्यावर बसली. आपले तीळ घाण्यातून निघेपर्यंत कोणी जागचं हलत नाही, बदलले तर काय घ्या. सगळेच असे बसतात. पण हेसुक आजवर कधी आली नव्हती.

“नवे आहेत, ताई. दादाच्या तुकड्यातले. आता मी पेरते.”

“चांगले भरलेत. घाईत आहेस?”

“मला कसली घाई. पस्तीस वर्षं गेली, त्यात दोन तास.”

ओकनामने तीळ धुतले, निथळले, पिंपात टाकले. या चुंगचोंग प्रांताची माणसं मुद्द्यावर यायला वेळ घेतात. तिने घेऊ दिला.

“टीव्ही बघतेस का, ताई?”

“घरात आवाज असावा म्हणून लावते.”

“मी पण. रविवारी आवाज जरा मोठाच झाला.”

पिंप फिरत होतं. चांगदो बाटल्यांना बुचं लावत होता, एकाच बाटलीला बराच वेळ.

“अर्ज फेटाळला गेल्या वर्षी,” हेसुक म्हणाली. “खटला परत चालवायला नवा पुरावा लागतो म्हणे. दादाने मला फाटकाचं सांगितलं होतं, मी वकिलांना सांगितलं. ते म्हणाले, बाई, फाटक भंगारात गेलं, घर पडलं, तिथे कोंबड्या पाळतात. फोटोत ते उघडंच आहे. कोण सांगणार?” तिने गुडघा चोळला. “तो बूट कागदावर कुठेच नाही, ताई, आणि टीव्हीत आला. म्हणजे वाहिनीला कळवणारं माणूस तिथे पुढे उभं होतं. मागच्यांना बूट दिसलाच नसता.”

“हं.”

“गल्लीत सात घरं. चार ओसाड पडली. पाचव्यातला म्हातारा स्वतःच्या मुलाला ओळखत नाही. सहाव्यातली बाळंतीण होती, बाहेरच आली नव्हती. सगळीकडे जाऊन आले.”

“माझं घर शेवटी ठेवलंस.”

“तुझ्याकडे यायला गाड्या दोन बदलाव्या लागतात.”

ओकनामने भाजलेले तीळ घाण्यात ओतले. हात भाजला, तिला कळलं नाही. घाणा गरगरायला लागला तसा आवाज वाढला. त्या आवाजात ती म्हणाली, “मीच लिहिलं होतं.”

“माहीत आहे.”

“फाटकावरून ओळखलंस.”

“नाही. दादावरून. आमच्या घराला लागून तेलाचा घाणा आहे, ताई. दार उघडलं की समोर. तो सोडून दादा इथवर का यायचा, मला कधी कळलं नाही. तू काही स्वस्त देत नाहीस.”

तुरुंगातून सुटल्यावर ग्यूबोक बारा शरद ऋतू इथे आला होता. दर वर्षी याच दिवसांत, तिळाचं गाठोडं घेऊन. टोपी काढून गुडघ्यावर ठेवायचा आणि याच बाकड्यावर दोन तास बसायचा. “छान भाजलेत, वहिनी,” एवढंच बोलायचा. ओकनाम दर वेळी त्याच्या पिशवीत एक बाटली जास्तीची टाकायची. याला काही ठाऊक नाही, असं ती बारा वर्षं धरून चालली होती. तो बाटली बघायचा, काही न म्हणता पिशवी उचलायचा.

“सांगायचा,” हेसुक म्हणाली, “की पोलिसाने बूट घातला तेव्हा दोरीपाशी एकीने बघितलं. आमची नजरानजर झाली, मग तिने मान खाली घातली. मी म्हणायचे, नाव सांग, मी जाते तिच्याकडे. तर म्हणायचा, तिचं तिला सांगू दे. वेळ लागेल. जाऊन बसत जाईन मी.”

तेलाचा पहिला थेंब नळीच्या टोकाशी जमला आणि पडला. ओकनाम त्याच्याकडे बघत राहिली. खालची बाटली लावायची राहिली होती. तेल पत्र्यावर ओघळायला लागलं. तिने बाटली लावली, हात ॲप्रनला पुसले, परत पुसले.

“सही करते मी,” ती म्हणाली. “कुठे करायची?”

“सही उद्या. वकील स्वतः येतील, तुझं म्हणणं लिहून घेतील. कोर्टातही बोलावतील. जाशील?”

“जाईन.”

“मग ते सगळे एक गोष्ट विचारणार. त्यांना काय सांगायचं ते तू बघ. त्याआधी मला सांग.”

चांगदो उठला. पाय ओढत घाण्यापाशी गेला आणि त्याने कळ बंद केली. पट्टा थोडा फिरला, थांबला. बाजारातला भाजीवाला ओरडत होता तेसुद्धा आत ऐकू यायला लागलं. चांगदो दोघींकडे पाठ करून उभा राहिला, हात कळीवरच.

“अहो,” ओकनाम म्हणाली.

तो वळला नाही. मानेने फक्त नकळत होकार दिल्यासारखं केलं, किंवा मान नुसतीच हलली.

हेसुक बाकड्यावर पुढे सरकून बसली. तिचा आवाज चढला नाही.

“दादाने बारा वर्षं विचारलं नाही. मी विचारते. तुला दिसलं होतं, तुला कळलं होतं, तू तीन हातांवर होतीस. तेव्हा का बोलली नाहीस? बोल, ताई.”