घाण टाकीत, मार कार्बुरेटरला

होय, मी कार्बुरेटरच बोलतोय. मोटरसायकलच्या टाकीखाली, इंजिनाला चिकटून, तेलात माखलेला जो काळा गडी दिसतो ना, तोच. माझं नाव तुम्हाला गाडी बंद पडल्यावर आठवतं, आणि तेही आधी एक शिवी हासडून झाल्यावर. म्हणून आज मी बोलणार आणि तुम्ही गुमान ऐकणार. मी रागात आहे, हे आधीच सांगून ठेवतो. मागाहून तक्रार नको.

माझं शिक्षण बेताचं. कारखान्यात मला ओतलं, भोकं पाडली, एका चष्मेवाल्यानं उजेडाकडे धरून बघितलं आणि पास केलं. तेवढीच माझी परीक्षा. काम एकच शिकवलं. वरून पेट्रोल येईल, बाजूनं हवा येईल, दोन्हीचं मापात मिश्रण करून इंजिनाला द्यायचं. माझ्या तळाशी एक वाटी आहे, तिच्यात पेट्रोल साठतं. वाटीतून वर जायला पितळेचा जेट. त्याचं भोक एवढं बारीक, की मुंगीनं डोकं घातलं तर बाहेर काढता येणार नाही. तुमची ती कॉलर वर करून, वळणावर गाडी आडवी घालणारी सगळी मर्दुमकी त्या भोकातून जाते. जरा लक्षात ठेवा.

आमचे मालक सर्जेराव. राहणार हिंजवडी. जमीन कंपन्यांकडे गेली त्या साली त्यांनी मोटरसायकल घेतली आणि त्यांच्या मुलानं, बजरंगनं, मोटार. सर्जेरावांचं सगळं आयुष्य मार्केट यार्डात माल नेण्यात गेलेलं. आता माल नाही, पण पाय ऐकत नाहीत. रोज सकाळी किक मारायची, सगळं पुणं ओलांडून यार्डात जायचं, सोनबा अडत्याच्या गाळ्यावर पोत्यावर बसायचं आणि दुसऱ्यांनी आणलेल्या वांग्यांना नावं ठेवायची. ‘ही वांगी हायत का बोरं,’ असं म्हटल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नाही. शेतकऱ्याचं शेत जातं, तोंड कुठं जातंय.

मी त्यांना इमानानं नेत होतो. मग एकदा स्वारगेटच्या वळणावर सांडलेल्या वाळूवरून गाडी घसरली. गुडघा फुटला. घरी जाऊन या गृहस्थानं बायकोला काय सांगावं? म्हणे सोनबाच्या पायरीवरून पडलो. मथुराबाईंनी गुडघ्याला हळद लावली, वाकलेल्या ब्रेककडे एकदा बघितलं आणि काही बोलल्या नाहीत. बायका बोलत नाहीत तेव्हा सावध व्हायचं असतं, पण सर्जेरावांना कोण सांगणार.

त्यानंतर माझे भोग सुरू झाले. चालती गाडी भर रस्त्यात आचके देऊन बंद पडायला लागली. गाडी बंद पडली, की पुण्यातला जो तो इंजिनियर. एक जण म्हणतो प्लग बघा. दुसरा म्हणतो आडवी करा. सर्जेराव गाडी आडवी करायचे, माझं डोकं खाली आणि पोट वर. एका टोपीवाल्यानं तर टाकीच्या तोंडाला तोंड लावून शंखासारखी फुंक मारली. त्यानं टाकीच्या तळाचा होता नव्हता तेवढा गाळ माझ्या पोटात आला. टोपीवाला पेट्रोल थुंकत म्हणाला, “कार्बुरेटरच खराब आहे.” अरे बाबा, आत्ता तूच घातलास की.

मग गॅरेज. आमचा मिस्त्री श्याम म्हणजे अस्सल शहरातला माणूस. गिऱ्हाईक आलं तर त्याला त्रास झाला असं त्याचं तोंड होतं. सर्जेराव सांगायला लागले, की गाडी अशी अशी बंद पडते. श्याम म्हणाला, “तुम्हीच सांगणार असाल तर दुरुस्तही तुम्हीच करा.” आणि मला उघडा केला. रस्त्यावर, येत्याजात्या शाळकरी मुलींदेखत. वाटी काढली, जेट काढला, तारेनं कोचलं, वाऱ्याचा फवारा मारला. पुन्हा जोडताना पान्ह्याच्या दांड्यानं डोक्यात एक ठोसा. तो कशाला होता ते मला अजून कळलेलं नाही.

माझ्या वाटीत दर वेळी राखाडी, मऊ पीठ निघायचं. गंज असा नसतो, गंज तांबडा असतो. पण श्याम ते बोटानं पुसायचा, पँटला लावायचा आणि म्हणायचा, “कार्बुरेटर घाण करतो.” मी घाण करतो? मी काय रस्त्यावर बसून माती खातो? घाण वरून येते, वरून! टाकीच्या तळाला तोटीवर एक बारीक जाळी होती. ‘उगाच पेट्रोल अडवते’ म्हणून याच शहाण्यानं ती पहिल्याच फेरीत उपटून फेकली होती. आणि टाकी उतरवून बघायची म्हटलं तर सीट काढावी लागते, बोल्ट खोलावे लागतात. त्यापेक्षा मी सोपा. हाताशी आहे, लहान आहे, उलट बोलत नाही. धरा आणि सोला.

साफ केल्यावर चार-आठ दिवस गाडी पळायची. पुन्हा तेच. शेवटी बजरंग वैतागला. रोज कुठल्या तरी चौकातून ‘ये रे न्यायला’ म्हणून बापाचा फोन. त्यानं सरळ सांगितलं, की आबा, आता एकदा जरी ही बंद पडली तर मी विकणार. यार्डात जायला ड्रायव्हर देतो. सर्जेराव भडकले. ड्रायव्हर दारात उभा राहून घड्याळ बघणार, मग पोत्यावर बसायला जीव कसा लागणार, असं त्यांचं म्हणणं. पण मानी माणूस. रागाच्या भरात शब्द देऊन बसले, की बंद पडली तर वीक जा.

आणि पडली. पुन्हा स्वारगेटलाच. त्या दिवशी बजरंग आईला घेऊन पुण्यातच एका लग्नाला आला होता. तो मोटारीनं तिला तसाच गॅरेजवर घेऊन आला. सर्जेराव फळीवर मान खाली घालून बसलेले. एरवी वांग्यांना बोलणारा माणूस, पण त्या दिवशी नुसती चावी बोटात फिरवत होता. मला खरं सांगायचं तर, मारापेक्षा ते जास्त लागलं. माझ्यापायी त्यांची सकाळ जाणार होती, आणि माझ्याकडे सांगायला तोंड नव्हतं.

श्याम सवयीनं माझ्यावर पान्हा घेऊन आला. तेवढ्यात बजरंग म्हणाला, की विकायचीच आहे तर दुरुस्ती कशाला, आणि टाकीतलं पेट्रोल तरी घेणाऱ्याला फुकट का द्यायचं? काढून द्या डब्यात. बघा. माझ्यासाठी नाही, गाडीसाठी नाही, बापासाठी नाही. टाकी उतरली ती तळातलं चार घोट पेट्रोल वाचवायला.

श्यामनं डब्यावर फडकं धरलं आणि टाकी उपडी केली. पेट्रोल खाली गेलं आणि फडक्यावर राखाडी चिखल राहिला, चांगला ओंजळभर. श्याम माझ्याकडे बघायचं सोडून आभाळाकडे बघायला लागला. मग फडकं उचलून गटाराकडे झटकायला निघाला.

“अहो, गटारात नका टाकू,” मथुराबाई मोटारीतून उतरून धावल्या. “देवाचा अंगारा हाय त्यो.”

बाईंनी पदर पुढं करून तो राखाडी गाळ पदरात घेतला. लग्नाची नवी साडी. मग कळलं. दर गुरुवारी, सर्जेराव अंघोळीला गेले की बाई खुंटीवरची चावी घ्यायच्या, टाकीचं झाकण उघडायच्या आणि धन्याचं रक्षण कर म्हणत चिमूटभर अंगारा आत सोडायच्या. कपाळाला लावावा तर सर्जेराव पुसून टाकत. आणि देव पावलाच होता म्हणायचं. गाडीच चालत नव्हती, तर माणूस पडणार कुठून?

सर्जेराव फळीवरून उठले. “मला घरात डांबायला केलंस हे?”

“डांबायचं असतं तर चावीच इहिरीत टाकली असती,” मथुराबाई म्हणाल्या. त्यांचाही आवाज चढला होता. “गुडघा फोडून आलात आन् मला पायरी सांगितलीत. ब्रेक काय पायरीवर वाकला? तुम्ही मला सांगायचं सोडलंत, म्हणून मी देवाला सांगितलं.”

सर्जेराव पुन्हा फळीवर बसले. बजरंगला मात्र जोर आला. आईचंही मन नाही, तर विकूनच टाकू, म्हणाला. तशी बाई त्याच्यावर फिरल्या. “इकायचं नाव काढू नगंस. दिसभर घरात बसलं तर माझ्या वांग्याला नावं ठिवतील.”

श्यामनं पहिल्यांदा न बोलता काम केलं. टाकी धुतली, नळी बदलली, नवी जाळी बसवली. मग माझी वाटी, माझा जेट. या खेपेला ठोसा मारला नाही. माफीही मागितली नाही. एवढे दिवस ज्याला बदनाम केलं त्याला निदान एक स्वच्छ फडकं तरी लावावं? नाही. पँटलाच हात पुसला.

अंगारा आता पुढच्या दिव्याच्या कपाळाला लागतो. सर्जेराव पुन्हा यार्डात जातात. परवा मार्केट यार्डाच्या फाटकाशी कोबीच्या पाल्यावरून गाडी पुन्हा घसरली. कोपर सोललं. घरी पोचल्यावर ते दारातच उभे राहिले आणि म्हणाले, “पडलो. गाडीवरून पडलो.”

मथुराबाईंनी त्यांना जी फैलावर घेतली, ती अंगणात उभ्या उभ्या मीही ऐकली. वयाचा उद्धार झाला, डोळ्यांचा झाला, सोनबाच्या सात पिढ्यांचा झाला. सर्जेरावांनी हळदीसाठी कोपर पुढं केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी खुंटीवरची चावी बाईंनीच काढून त्यांच्या हातात दिली.

पहिल्या किकला गाडी चालू झाली. माझं नाव कुणी घेतलं नाही. मी तेच मागतो. तुमची गाडी अडली तर आधी टाकीत डोकवा, जाळी बघा, घरच्या माणसांना दोन शब्द विचारा. माझ्याकडे सगळ्यात शेवटी या. आणि येताना पान्हा उलटा धरू नका.